भिंतीचा घाम

भिंगरीच्या घरामागे एक भिंत होती आणि त्या भिंतीला घाम यायचा.

हे बोलणं मामाचं. मामा गवंडी, आणि भिंत त्यानेच बांधलेली, दगडावर दगड ठेवत, भिंगरी आईच्या पोटात होती त्या वर्षी. घर उतारावर होतं. मागच्या अंगणापाशी जमीन एकदम दोन पुरुष उंच चढायची, वर गवताचं मोकळं मैदान आणि त्यापलीकडे वरचा रस्ता. ती सगळी माती खाली घरात येऊन बसू नये म्हणून ही भिंत. तिच्यात मामाने अकरा नळकांडी बसवली होती, खालच्या ओळीत सहा, वरच्या ओळीत पाच, मूठ जाईल एवढी रुंद. पावसाळ्यात त्यांतून पाणी ठिबकायचं, कधी धार लागायची. मामा घरी असला की दर रविवारी चहा पिऊन एक लांब सळई घेऊन मागे जायचा आणि कान कोरावेत तशी एकेक नळकांडी कोरायचा. मग विजारीला हात पुसून म्हणायचा, "झालं. येऊ दे घाम."

का येऊ दे, हे त्याला कुणी कधी विचारलं नाही. घरात एखादा माणूस रोज सकाळी गुळण्या करतो, एखादा भिंत कोरतो. चालायचंच.

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं, पण तिथेसुद्धा ते फार कुणी वापरत नसे. एका जागी बूड टेकवणं तिला जमायचं नाही म्हणून लहानपणी कुणीतरी भिंगरी म्हटलं आणि ते चिकटलं. चित्रकला दोन महिने, बासरी तीन आठवडे, पोहणं तर एकदा नाकात गेलेल्या पाण्यावर संपलेलं. घरात कशाचीही अर्धवट वस्तू सापडली, एका बाहीचा स्वेटर, निम्मी रंगवलेली खुर्ची, की आई न बघता म्हणायची, "भिंगरीचं असेल."

आई मागच्या खोलीत पाळणाघर चालवायची. सात पोरं. बाबा जहाजाच्या इंजिनात कामाला, सहा महिन्यांतून एकदा घरी येणारे, त्यामुळे घर म्हणजे आई, भिंगरी आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ही सात. ढब्बू, गोट्या, किरकिरी, दोघी जुळ्या, कुणाशीच न बोलणारी मैना आणि अजून पाय न फुटलेला रांगोबा. जेवणं झाली की दीड वाजता मागच्या खोलीत सात गाद्या पडायच्या, खिडकीखाली ओळीने. खिडकीबाहेर चार पावलांचं अंगण आणि मग भिंत.

ते अंगण म्हणजे आईच्या डोक्याला ताप होता. भिंतीचा घाम अंगणात यायचा, हिरवं शेवाळ धरायचं, पोरं घसरायची. खोलीत ओलीचा वास यायचा. किरकिरीची आई, जी स्वतः किरकिरीपेक्षा किरकिरी, रोज नाकाला रुमाल लावून म्हणायची, "ताई, इथे काहीतरी करा हो."

ते काहीतरी भिंगरीने केलं. तेरा वर्षांची असताना ती रोपवाटिकेत शाळेच्या कुंडीसाठी माती आणायला गेली आणि तिथल्या मावशीच्या दारावर चढलेली वेल बघून दारातच उभी राहिली. गर्द, चकचकीत पानं, आणि पानांवर कुणी मूठभर चांदण्या फेकाव्यात तशी पाच पाकळ्यांची पांढरी फुलं. प्रत्येक पाकळी जराशी पिळलेली, वाऱ्याने गरगर फिरेल की काय अशी. वास तर असा की आपण काय घ्यायला आलो तेच विसरावं.

"चांदणवेल," रोपवाली मावशी म्हणाली. "बारा महिने हिरवी. पान तोडलंस तर दूध निघेल, ते डोळ्याला लावू नको. चढायला तार दे आणि घाई करू नको. हिला जम बसवायला वेळ लागतो."

"किती?"

"तुला किती धीर आहे?"

भिंगरीला धीर नव्हताच. तरी तिने रोप आणलं, भिंतीच्या पायाशी हातभर रुंदीची मातीची पट्टी होती तिथे लावलं, आणि आईने मनातल्या मनात त्याला भिंगरीच्या अर्धवट वस्तूंच्या यादीत टाकलं.

पहिल्याच पावसाळ्यात पानं पिवळी पडली. भिंगरी एक पान घेऊन रोपवाटिकेत गेली. मावशीने पान उलटसुलट केलं.

"मुळाशी पाणी तुंबतंय. कुजेल अशाने. पाणी येतंय कुठून?"

"भिंतीतून."

"मग ते थांबव," मावशी म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिने भिंत पाहिली नव्हती. कुंडीला भोक पाडणं आणि कुंडीच्या वर गळणारा नळ बंद करणं एवढंच तिच्या धंद्यातलं ज्ञान, आणि ते तिच्यापरीने बरोबर होतं.

आता भिंगरीपुढे दोन अडचणी होत्या. एक, पाणी. दुसरी, तार बांधायला भिंतीत आकडे हवेत आणि मामाच्या दगडात खिळा शिरत नव्हता. तिने तीन खिळे वाकवले, एक बोट सुजवून घेतलं आणि अंगणात बसून भिंतीकडे रागाने बघत राहिली. बघता बघता तिच्या लक्षात आलं की भोकं तर आहेतच. मामाने करूनच ठेवली आहेत. अकरा, अगदी मोजूनमापून, सारख्या अंतरावर.

त्या क्षणी आपण किती हुशार आहोत असं तिला वाटलं ते विचारू नका.

जुन्या फावड्याच्या जाड दांड्याचे तिने अकरा तुकडे केले, प्रत्येकाला प्लॅस्टिक गुंडाळलं, प्रत्येकाच्या तोंडात लोखंडी आकडा पिळून बसवला आणि हातोडीने एकेक खुंटी एकेका नळकांड्यात ठोकली. कडेने मामाच्याच उरलेल्या पोत्यातलं सिमेंट कालवून थापलं, बोटाने गुळगुळीत केलं. मग आकड्या-आकड्यांतून तारा ओढल्या, आडव्या आणि तिरक्या, पक्कडीने पिळून घट्ट. दोन दिवसांत अंगण कोरडं झालं. आठवड्यात शेवाळ वाळून खपल्या निघाल्या. आईने खोलीत येऊन नाक वर करून वास घेतला आणि वास नव्हता.

"हे तू केलंस?" आई म्हणाली. "पूर्ण?"

ते 'पूर्ण' भिंगरीच्या कानात पुढचं वर्षभर वाजत राहिलं.

आणि वेल चढली. कोरडे महिने तिने खालून मुळं रोवण्यात घालवले आणि मग एकदा तारेला हात लागल्यावर मागे वळून बघितलं नाही. भिंगरी पंधराची होईपर्यंत भिंत दिसेनाशी झाली होती. दगड नाही, आकडे नाहीत, हिरवं आणि फक्त हिरवं, आणि दुसरा पावसाळा निम्मा सरला तशी फुलं. एवढी, की वरच्या रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून खाली वाकून बघायची. किरकिरीची आई रुमाल पर्समध्ये ठेवून म्हणाली, "ताई, तुमच्याकडे आलं की परत जावंसं वाटत नाही." शाळेत, जिथे भिंगरी गेल्या वर्षीपर्यंत शेवटच्या बाकावर बसायची, तिथे तिने सगळ्यांसमोर उभं राहून वेलीवर पंधरा मिनिटं भाषण दिलं, कागद न बघता, आणि एकदाही चुळबुळ न करता. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "येत्या शुक्रवारी पूर्ण वर्ग घेऊन येते बघायला." त्या दिवशी भिंगरी घरी चालत आली नाही, तरंगत आली.

एकच गोष्ट होती. मामा.

मामा दीड वर्षांपासून समुद्रापलीकडे एका धरणाच्या कामावर होता. दर रविवारी फोन करायचा. आईशी जेवणखाणाचं बोलून झालं की म्हणायचा, "दे भिंगरीला," आणि भिंगरीने फोन कानाला लावला की पहिलं वाक्य ठरलेलं.

"काय गं, घाम येतोय ना?"

खुंट्या ठोकल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती खरं सांगणारच होती. पण मामाने जाताना बजावून ठेवलं होतं की माझ्या भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही, आणि इथे अकरा खुंट्या. आता बोलणी खाण्यापेक्षा तो आल्यावर फुलं दाखवू, फुलं बघून कोण रागावेल, असा तिने हिशेब केला. म्हणाली, "हो मामा. येतोय."

"शाब्बास. सळई फिरव मधूनमधून."

"फिरवते."

एकदा 'हो' म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. दहाव्यांदा तर आपण काही बोललो हेही कळत नाही.

पहिल्यांदा ढब्बूने सांगितलं. ढब्बू अडीच वर्षांचा, पोट पुढे काढून चालणारा, आणि त्याला तारा आवडायच्या. वेलीच्या खालच्या बाजूला दोन-तीन तारा उघड्या होत्या, त्या तो बोटाने छेडायचा आणि भिंतीला कान लावायचा. उन्हाळ्यात त्या तारांचा आवाज यायचा तो ढब्ब, म्हणजे ढब्बूसारखाच. पाऊस सुरू झाला आणि एक दिवस ढब्बू भिंगरीला फ्रॉकला धरून घेऊन गेला.

"वाजते," तो म्हणाला.

त्याने तार छेडली. टंण्ण. बारीक, उंच, चांगला तीन श्वास टिकणारा आवाज.

भिंगरीला मजा वाटली. वेल जाड होतेय, तिच्या ओझ्याने तारा ताणल्या जात असणार. तिने शाळेच्या भाषणात हे घातलंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात टंण्णचं टिंग झालं. ढब्बूला ते आवडलं नाही. त्याने हात मागे घेतला आणि बोट चोखत उभा राहिला.

मग मागच्या दाराची गोष्ट. दार अंगणात उघडायचं, आणि आताशा उंबऱ्याबाहेर गेलं की एका फरशीला अडायचं. फरशी बोटभर वर आली होती. आई म्हणाली, "पावसाने फुगली असेल," आणि पायाने दाबून बघितली. फरशी काही खाली गेली नाही.

मग गोगलगाई. दर पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी पाच-पंचवीस असायच्या, जुळ्या त्यांना पानं खिलवायच्या. यंदा त्या सगळ्या घराच्या भिंतीवर चढल्या होत्या, खिडकीच्या वर, छपराखाली, एका रांगेत. "बघायला आल्यात आपल्याला," एक जुळी म्हणाली. दुसरी म्हणाली, "नाही, तिला बघतायत," आणि वेलीकडे बोट दाखवलं.

आणि वेल एवढी कधीच फुलली नव्हती. पाऊस धरून होता, सहा दिवस सलग, आणि तरी एक पान पिवळं नाही. मागच्या खोलीत वास इतका दाटला होता की पोरं दुपारी लवकर झोपायची आणि उशिरा, जड डोक्याने उठायची. मैनेने तर गादीवर झोपणंच सोडलं. रोज दीड वाजता ती आपली उशी ओढत पुढच्या खोलीत जायची आणि चपलांच्या खणाजवळ झोपायची. बोलत नसल्यामुळे कारण विचारून उपयोग नव्हता.

भिंगरीला आताशा मामाची सळई आठवायला लागली होती. पण सळई आणि शुक्रवार यांत तिने शुक्रवार निवडला. एकदा वर्ग येऊन जाऊ दे. मग शनिवारी एखादी खुंटी काढून बघू, एखादीच, कोपऱ्यातली.

गुरुवारी शाळा अर्धीच होती. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. घरी येताना भिंगरीने नेहमीची खालची वाट सोडली आणि वरच्या रस्त्याने आली. बाईंना वरून वेल कशी दिसेल ते बघावं म्हणून. रस्ता सोडून ती गवतात उतरली आणि तिसऱ्या पावलाला तिचा पाय घोट्याच्या वर आत गेला.

तिने पाय उपसला. बूट आतच राहिला. वाकून बूट काढला तर त्या खड्ड्यात पाणी भरत आलं, तपकिरी, आणि काठोकाठ होऊन थांबलं. सगळं मैदान तसंच होतं. गवत वर आणि खाली पाणी, भिजवून ठेवलेल्या गादीसारखं. पाऊल टाकलं की दोन हातांवरचं गवत हलायचं.

भिंतीच्या कडेपासून पाच-सहा पावलांवर गवतात एक रेघ होती. भिंतीला समांतर, इकडून तिकडे, कुणी नांगराने काढावी तशी. भिंगरीने तिच्यात बोटं घातली. मग हात. कोपरापर्यंत हात आत गेला आणि तळ लागला नाही.

ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, एका पायात बूट, आणि तिला मामाचा आवाज ऐकू आला, फोनवरचा नव्हे, जुना, चहा पिऊन झाल्यावरचा. येऊ दे घाम. दोन पावसाळ्यांचं पाणी. ते थांबलं नव्हतं. भिंतीच्या मागे उभं राहिलं होतं.

घड्याळात पावणेदोन झाले होते. गाद्या पडल्या असणार.

रस्त्याने वळसा घालून घरी पोहोचायला सहा मिनिटं लागायची. तिला किती लागली ते तिला आठवत नाही. आई पुढच्या खोलीत पोरांचे डबे धूत होती.

"आई, पोरांना उठव."

"आत्ताच झोपलीत. आणि हा काय अवतार? बूट कुठाय?"

"आई, ऐक. मी भिंतीची भोकं बुजवली. वेलीच्या खुंट्या त्या भोकांतच आहेत, सगळ्या. मागे पाणी साठलंय. वरची जमीन फाटलीय." तिचा आवाज बारीक झाला होता, तारेसारखा. "मामाला मी खोटं सांगत होते."

आईने हातातला डबा खाली ठेवला. ती ओरडली असती तर भिंगरीला बरं वाटलं असतं. आई मागच्या खोलीच्या दारात गेली, खिडकीतून बाहेर बघितलं, एकदाच, आणि मग पोरांना उठवताना वापरायचा तो गोड आवाज काढला.

"चला रे, आगगाडी. कोण इंजिन होणार?"

झोपेतली पोरं उठली, एकमेकांचे सदरे मागून धरले. आईने रांगोबाला कडेवर घेतलं. गोट्या झुकझुक करायला लागला. किरकिरीने नियमाप्रमाणे गळा काढला. आगगाडी पुढच्या खोलीतून, चपलांच्या खणाजवळ झोपलेल्या मैनेला डबा जोडून, पुढच्या दाराबाहेर गेली.

भिंगरीने मोजलं. सहा.

ढब्बू मागे होता. मागचं दार फरशीला अडून अर्धवट उघडं राहिलं होतं आणि त्या फटीतून तो अंगणात गेला होता. भिंगरी फटीतून कशीबशी बाहेर आली तेव्हा तो भिंतीपासून दोन पावलांवर उभा होता, हात पाठीमागे. तारा छेडत नव्हता. नुसता ऐकत होता.

तारा आपणहून वाजत होत्या. वारा नव्हता, एक पान हलत नव्हतं, आणि वेलीच्या आतून तो बारीक, उंच सूर येत होता, सलग. भिंतीचं पोट पुढे आलं होतं. पानांमुळे कळत नव्हतं इतके दिवस, पण आता इतक्या जवळून, खालून वर बघताना, ती वेल आपल्या अंगावर वाकलीय असं दिसत होतं, पाळण्यात डोकावावं तशी. खुंटीच्या कडेच्या सिमेंटमधून, तिने बोटाने गुळगुळीत केलेल्या त्या सिमेंटमधून, पाण्याची सुईसारखी धार आली आणि ढब्बूच्या पोटावर पडली.

ढब्बूने पोटाकडे पाहिलं. "घाम," तो म्हणाला. मामाचा शब्द घरात सगळ्यांनाच माहीत होता.

क्षणभर, खरंच क्षणभर, भिंगरीचा हात त्या आकड्याकडे गेला. एक खुंटी ओढली तर. पाणी वाहून जाईल, भिंत मोकळी होईल, कुणाला काही कळणारही नाही. बोटं आकड्याला टेकली. लोखंड थरथरत होतं, ताप चढलेल्या माणसाच्या मनगटासारखं.

तिने हात मागे घेतला, ढब्बूला काखेत मारलं आणि पळाली.

रस्त्याच्या पलीकडे, समोरच्या कठड्याला आईने सात पोरांना ओळीने बसवलं आणि भावाला फोन लावला. त्याच्याकडे तेव्हा कामाची वेळ, मागे यंत्रांचा धडधडाट. आईने सांगितलं. 

"भिंगरीला दे," तो म्हणाला.

तिने फोन कानाला लावला. आज त्याने घामाचं विचारलं नाही.

"खुंटीला हात लावलास?"

"लावला. ओढली नाही."

मामाने श्वास सोडला. "ओढली असतीस तर ती तोफेच्या गोळ्यासारखी आली असती तुझ्या तोंडावर, आणि मागून सगळी भिंत. आता कुणीही आत जायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही. मी तिथल्या माझ्या माणसाला पाठवतो, पण तो येईपर्यंत दारात तू उभी राहा. माझी भाची म्हणून नाही. तुला ठाऊक आहे म्हणून."

मग वाट बघणं सुरू झालं आणि ते सगळ्यात वाईट होतं, कारण काहीच झालं नाही. ऊन छान होतं. पोरं खेळायला लागली. अडीच वाजले, तीन वाजले, मामाचा माणूस अजून आला नव्हता. आईने पालकांना फोन केले होते, ते एकेक करून आले. पुढून घर अगदी नेहमीसारखं दिसत होतं, आणि मागून छपरावरून वास येत होता, गोड, मंद. किरकिरीची आई म्हणाली, "मला तर काहीच दिसत नाही ताई. उगाच घाबरवलंत."

गोट्याचे वडील चष्म्याच्या दुकानात कामाला होते आणि त्यांना परत जायची घाई होती. "गोट्याचं दप्तर आत आहे. त्यात त्याचं औषध. एका मिनिटात आणतो."

भिंगरी दारात उभी होती. तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

"काका, नको."

"अगं, मागच्या खोलीत तर आहे. मी पळत जातो, पळत येतो."

"नाही जायचं."

"पोरी, बाजूला हो." ते हसत म्हणाले, मोठी माणसं म्हणतात तसं. "भिंत गेली वीस वर्षं उभी आहे ना?"

"पंधरा," भिंगरी म्हणाली. तिला सगळ्यांचे डोळे आपल्यावर जाणवले, भाषणाच्या दिवशीसारखे, फक्त आज कागद पाठ नव्हता. "पंधरा वर्षं उभी होती कारण तिच्यात भोकं होती. ती मी बुजवली. दांड्याचे तुकडे ठोकले, सिमेंट लावलं, वेल चढवायला. वेलीला पाणी नको होतं म्हणून. मामा दर रविवारी विचारायचा आणि मी हो म्हणायचे. तुमची पोरं रोज दुपारी त्याच्यासमोर झोपत होती, काका. मला माहीत होतं असं नाही, पण गेले तीन आठवडे मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. आता तुम्ही मला उचलून बाजूला करू शकता. पण मी स्वतः हलणार नाही."

 किरकिरीच्या आईने किरकिरीला जवळ ओढलं. गोट्याचे वडील भिंगरीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एक पायरी खाली उतरले.

आधी वास आला. घराच्या आतून, पुढच्या दारातून, भिंगरीच्या पाठीवर आदळल्यासारखा, हजार फुलं एकदम मुठीत चुरगळावीत तसा, आणि त्यात चिकाचा कडू वास. मग तारा तुटल्या, एकामागून एक, अकराच्या अकरा आकड्यांवरून. आणि मग तो आवाज, ज्याच्याबद्दल भिंगरी अजून कुणाशी बोलत नाही. पायाखालची पायरी हलली. मागच्या खोलीचं दार आतून उघडलं आणि चिखल शांतपणे, एखाद्या पाहुण्यासारखा, पुढच्या खोलीत आला. त्यात पानं होती, अजून चकचकीत, आणि एक छोटी उशी.

गोट्याचे वडील पायरीवरच बसले.

मागच्या खोलीतून नंतर सहा गाद्या निघाल्या. सातवी सापडली नाही. दगड खिडकीतून सरळ ओळीवर आले होते, जणू कुणी जागा दाखवल्यासारखे.

मुख्याध्यापिका बाई शुक्रवारी आल्या, एकट्याच. भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. पाळणाघर चार महिने बंद राहिलं आणि पुन्हा उघडलं तेव्हा सातांपैकी तिघंच परत आली. ढब्बू, मैना, आणि सगळ्यांना आश्चर्य वाटेल, किरकिरी. गोट्याला त्याच्या वडिलांनी पाठवलं नाही. भिंगरी रस्त्यात दिसली की ते मान हलवून ओळख देतात आणि चालायला लागतात. आई भिंगरीला कधी काही बोलली नाही. पण आता कोरड्या खोलीत शिरतानासुद्धा ती आधी नाक वर करून वास घेते, आणि भिंगरीला ते रोज दिसतं.

मामा आला, नवी भिंत बांधली, बावीस नळकांडी ठेवली. ढिगाऱ्यात सापडलेल्या खुंट्या त्याने एका डब्यात भरल्या आणि तो डबा फेकला नाही, स्वयंपाकघरात फळीवर ठेवला. जाताना सळई भिंगरीच्या हातात दिली. रागावला नाही. त्याने रागवावं म्हणून ती चार महिने वाट बघत होती.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीच्या पायाशी, दगडांच्या सांधीतून, दोन चकचकीत पानं वर आली. कुणी लावली नव्हती. भिंगरीने ती उपटली. पंधरा दिवसांनी वेल परत आली, या वेळी हातभर लांब, आणि तिचं टोक सरळ वर जायचं सोडून आडवं वळलं होतं, सगळ्यात जवळच्या नळकांड्याकडे. नळकांड्याच्या आत वीतभर शिरलं होतं. भिंगरीने ते हळूहळू बाहेर ओढलं. टोकाला एक कळी होती.

रविवारी फोन वाजला.

"काय गं," मामा म्हणाला, "घाम येतोय ना?"

भिंगरीच्या तोंडात 'हो' आलंच होतं. तिने ते गिळलं.

"थांब मामा," ती म्हणाली. "फोन ठेवू नको. हात लावून येते."

आणि सळई घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली.